भिंगरीचे केस

४ मार्च

आई,

नमस्कार आधीच करून ठेवते, नाहीतर कामाचं लिहिता लिहिता राहून जाईल.

आम्ही इथे बऱ्यापैकी रुळलो. बेकरी खाली, घर वर. पहाटे भट्टी पेटली की आमच्या फरशीलाच ऊब येते, त्यामुळे भिंगरी अनवाणी हिंडते आणि मोजे कुठे टाकते ते तिचं तिलाच माहीत. यांच्याबद्दल तुम्हाला काय आणि कसं लिहायचं ते मला अजून समजत नाही. एवढंच लिहिते की माणूस भला आहे. तुम्हीच म्हणाला होतात, आधी माणूस बघ, घर नंतर बघ. तसंच केलं. इकडच्या आई, म्हणजे यांच्या आई, दिवसभर गल्ल्यावर असतात, बोलायला फटकळ आहेत पण मनात काही ठेवत नाहीत. माझं चष्म्याच्या दुकानातलं काम चालूच आहे.

आता कामाचं. भिंगरीच्या केसांनी मला रडकुंडीला आणलंय. तिकडे होतो तोवर रविवारी तिचं डोकं तुम्हीच धुवायचात, मी नुसती टॉवेल धरून उभी असायचे. हातात घेतल्यावर कळलं, हे केस नव्हेत, सुतळीचं भेंडोळं आहे. एक कंगवा मोडला, मग दुसरा मोडला. शाळेतल्या बाईंनी विचारलं, हिचे केस घरी कोणी विंचरत नाही का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही कोरफडीचं काय करायचात ते नीट लिहून पाठवा. तुम्ही दिलेली कुंडी गच्चीवर भट्टीच्या धुरांड्याच्या आडोशाला ठेवली आहे, छान फोफावली आहे. फोनवर सांगू नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मला तुमचा आवाज आला की पुढचं काही ऐकू येत नाही.

तुमची सून
(अजून असंच लिहिते. चालेल ना?)


१० मार्च

मुली,

चालेल. न चालायला काय झालं?

तुझं पत्र वाचनालयातच मिळालं. समोर एका जाडजूड पुस्तकाचा कणा उकलून ठेवला होता, त्याला खळ लावायची सोडून आधी तुझं पत्र वाचलं. खळ वाळली. ग्रंथपाल काही बोलले नाहीत. गेल्या वर्षापासून ते मला काहीच बोलत नाहीत. पूर्वी बोलायचे तेच बरं होतं.

तर ऐक. सगळ्यात खालचं, जाड पान घ्यायचं, कोवळं नको. बुडाशी कापायचं. मग पान ग्लासात उभं करून पाणी सोडायचं. इथे घाई करायची नाही, चांगला तासभर जाऊ दे. मग धुऊन दोन्ही कडांचे काटे काढायचे, वरची साल सोलायची आणि चमच्याने गर काढायचा. तो घोटून फडक्यातून गाळायचा. गाळला नाहीस तर वाळल्यावर केसांत पांढरे कण दिसतात आणि लोकांना कोंडा वाटतो.

हा गर कोरड्या केसांना लावायचा नाही. डोकं धुतलं, केस ओले, पाणी निथळतंय, तेव्हाच लावायचा. कंगवा तर दूरच ठेव. बोटांनी खालून वर सोडवत जायचं, टोकं आधी, मुळं शेवटी. मग मुठीत धरून वरच्या बाजूला दाबायचं, की वेटोळी आपापल्या जागी बसतात. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हे तुला जमेल, भिंगरीला जमायचं नाही.

याने केस वाढतात, काळे होतात असं लोक सांगतात. मला त्यातलं काही माहीत नाही. गुंता सुटतो आणि पोर रडत नाही, एवढं मी पाहिलंय.

तिला आजीचा पापा. डोक्यावर घे. गालावर घेतलास तर ती पुसते.

आई


२८ मार्च

आई,

हसा, पण थोडंच.

तुम्ही लिहिलंत तसं सगळं केलं. पान कापलं, ग्लासात उभं केलं आणि पाणी सोडलं. काठोकाठ सोडलं. तासभर काय, मी दुकानात जाऊन आले तोवर ते पान पाण्यात उभं होतं. पाणी चांगलं पिवळं झालं होतं. मला वाटलं, सत्त्व उतरलंय. म्हणून ते पाणीसुद्धा टाकलं नाही, गरात मिसळलं.

संध्याकाळपर्यंत भिंगरीचं कपाळ लाल. खाजवून खाजवून तिने मान ओरबाडून घेतली. इकडच्या आईंनी डोकं पुन्हा स्वच्छ धुतलं आणि गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, तेव्हा उतरलं. आता सगळं ठीक आहे. पण कोरफडीची वाटी दिसली की ती टेबलाखाली शिरते. म्हणते, मला शेंबूड लावायचा नाही, आजीचा शेंबूड चावतो.

माझं काय चुकलं ते लिहा. मी दोनदा पत्र वाचून पाहिलं, पाणी सोडायचं असंच लिहिलंय.

तुमची सून


३ एप्रिल

मुली,

हसले. मग वाईट वाटलं. मग पुन्हा हसले.

चूक माझ्या लिहिण्याची. पाणी पानाने सोडायचं, आपण नाही. पान कापल्याबरोबर त्यातून पिवळा, कडू चीक गळतो, तो गळून जायला हवा. त्याच्यानेच खाज सुटते. ग्लास कोरडा हवा. आमच्या घरात त्या चिकाला पाणीच म्हणायचो, आणि हे आमच्या घरातलंच बोलणं आहे हे कधी ध्यानातच आलं नाही. बाहेरच्या कोणाला सांगायची वेळ आली नव्हती ना. तू बाहेरची आहेस असं म्हणत नाहीये मी. तू लग्न होऊन आलीस तेव्हा माझा मुलगा मोठा झाला होता आणि न्हाव्याकडून बारीक केस कापून घ्यायला लागला होता, एवढंच.

शेंबूड हा शब्दही तिला कोणी शिकवला नसणार, तरी तिने नेमका तोच काढला. तिचा बापही हेच म्हणायचा. तुझ्या इथल्या सासऱ्यांचे केस असेच होते, माझ्या मुलाने ते घेतले, त्याच्याकडून हिने. माझ्या सरळ केसांना तिन्ही पिढ्यांत कोणी विचारलं नाही. तो लहान असताना मीही तुझ्यासारखीच कंगवे मोडायचे. मग एकदा घरगुती औषधांचं एक फाटकं पुस्तक शिवायला आलं. मी शिवता शिवता वाचते हे तुला माहीत आहेच. त्यात कोरफड सापडली. पहिल्या दिवशी गर इतका थापला की वाळल्यावर त्याचं डोकं पुठ्ठ्यासारखं झालं. तो गल्लीभर पोरांना टकटक वाजवून दाखवत फिरला. त्या दिवसापासून रविवार आमचा ठरला. तो न्हाणीघरात पाटावर बसून मला अख्ख्या आठवड्याचं सांगायचा. मागे उभी असले की बोलायचा, समोर बसले की गप्प.

आता गर आधी तिच्या कोपराच्या आत जरासा लावून बघ. दुसऱ्या दिवशीपर्यंत काही झालं नाही तरच डोक्याला. आणि तिला सांग, आजीने शेंबडाचे दात काढले.

शाळेला सुट्टी लागली की तिला आठ दिवस आणशील? तिची गादी मी उन्हात घालून ठेवली आहे.

आई


१९ मे

मुली,

तुझं पत्र नाही. दुकानात गर्दी असेल.

सुट्टी निम्मी सरली. आणणं जमत नसेल तर तसं लिही, मी वाट बघत नाही. गादी उचलून ठेवली आहे, पण केव्हाही काढता येते.

तिचे केस कसे आहेत?

आई


१६ जून

आई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. सुट्टीत येणं जमलं नाही. बेकरीत नवी भट्टी बसवली, सगळे त्यात होते.

एक सांगायचं होतं. भिंगरीचे केस कापायचे ठरवलंय. अगदी बारीक. मध्यंतरी गिऱ्हाइकाच्या पावात केस निघाला, लांब आणि कुरळा, म्हणजे कोणाचा ते उघडच होतं. बेकरीच्या धंद्यात असं चालत नाही. इकडच्या आईंचं म्हणणं पडलं की कापलेले बरे. त्यांच्या घरात राहायचं म्हणजे त्यांच्या धंद्याचं बघायला हवं.

तुम्हाला वाईट वाटेल हे माहीत आहे. म्हणून आधीच कळवते. येत्या महिन्यात कापू.

भिंगरी मजेत आहे.

तुमची सून


२१ जून

बेकरीच्या मालकीणबाईंना,

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी याचा मी बराच विचार केला. मुलीची सासू ती विहीण. पण माझ्याच सुनेची दुसरी सासू माझी कोण लागते, ते मला ठाऊक नाही. शब्दकोशातही पाहिलं, तो दुरुस्तीला आलाच होता. सापडलं नाही. म्हणून नुसतं बाई लिहिते.

मी भिंगरीच्या वडिलांची आई. माझ्या सुनेने पुन्हा लग्न करावं असं मीच म्हणत होते आणि ती तुमच्या घरात आली याचा मला आनंद आहे. तुम्ही तिला आणि मुलीला नीट सांभाळता हे तिच्या पत्रांवरून समजतं. तुमच्या घरात नाक खुपसायचा मला हक्क नाही.

एकच विनंती. पावात केस निघाला म्हणून मुलीचे केस कापायचं तुम्ही ठरवलंत असं कळलं. धंद्याची काळजी मला समजते. पण तिला खाली भट्टीकडे जाऊ न देणं किंवा डोक्याला घट्ट रुमाल बांधणं, एवढ्याने भागणार नाही का? हे केस तिच्या बापाचे आहेत. त्याच्या माघारी त्याचं म्हणून जे काही चालतंबोलतं राहिलंय ते एवढंच. बाकी त्याचे शर्ट आहेत. शर्ट वाढत नाहीत.

तुम्हीही एका मुलाची आई आहात, म्हणून लिहिलं. उद्धटपणा वाटला तर सोडून द्या. आणि सुनेला हे पत्र दाखवू नका, तिला मध्ये पडल्यासारखं होईल.

भिंगरीची आजी


२९ जून

ताई,

माझं लिहिणं केकच्या ऑर्डरी उतरवण्यापुरतं आहे, तेव्हा चुका पोटात घाला. तुम्ही मोठ्या आहात की मी, ते माहीत नाही. ताई म्हणते, मोठ्या नसलात तरी वाईट वाटून घेऊ नका.

तुम्ही मला झापलंत ते इतकं गोड शब्दांत की मला रागवायलाही जागा ठेवली नाहीत. पण कशासाठी झापलंत तेच मला समजेना. आमच्या पावात केस कधी निघालाच नाही. माझं हे दुकान माझ्या सासऱ्यांपासूनचं आहे, एवढ्या वर्षांत एकदा झुरळ निघालं होतं, तेही शेजारच्या दुकानातून आलेलं, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन. भट्टीकडे पोर जातच नाही. आणि केस कापायचं मी कशाला म्हणेन? माझ्या डोक्यावर आहेत किती? तिचे बघून मला हेवा वाटतो. गिऱ्हाइकं तिला बघायला थांबतात आणि दोन बिस्किटं जास्त घेऊन जातात.

तेव्हा हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते तुम्हीही ओळखलंच असेल. मी तिला काही विचारलं नाही. तुमचं पत्रही दाखवलं नाही. पण जे पाहिलंय ते तुम्हाला सांगितलं पाहिजे असं वाटतं.

ती मुलीचं डोकं धुते तेव्हा डोळे मिटून घेते. साबण मुलीच्या डोळ्यांत जातो, हिच्या नाही, तरी हीच मिटते. आधी मला वाटलं सवय असेल. मग एका रविवारी मुलीची हाक आली म्हणून वर गेले, तर ती एकटीच पाटावर, डोकं फेसाने भरलेलं. आई कुठे, तर म्हणाली जिन्यात बसली आहे. खरंच जिन्यात बसली होती. हात कोपरापर्यंत ओले, मांडीवर उलटे ठेवलेले, जणू दुसऱ्याचे आहेत. मी आत जाऊन डोकं धुऊन दिलं. तेव्हापासून रविवारी मीच धुते. तुमचं कोरफडीचं पत्र तिने ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, ते वाचून मी शिकले. चीक गळू देते. गाळूनही घेते.

मी धुते हे वाचून तुम्हाला कसं वाटेल याचा विचार केला. तरी लिहिलं. लपवणं मला जमत नाही.

बेकरीवाली


८ जुलै

मुली,

मी तुझ्या सासूबाईंना पत्र लिहिलं होतं. तुला न विचारता. त्यांचं उत्तर आलं. पावात केस निघाला नव्हता हे मला समजलं आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, मी काय विचारते आहे तेच त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी सरळ उत्तर दिलं. माझ्यापेक्षा बऱ्या बाई आहेत.

तुझ्यावरही मी रागावलेली नाही. पहिल्या दिवशी रागावले होते, ते खोटं कशाला सांगू? म्हटलं, मला सरळ लिहायचं, एका भल्या बाईचं नाव कशाला पुढे करायचं? मग तुझी सगळी पत्रं काढून वाचली, आणि माझी मला आठवली. प्रत्येक पत्रात मी केसांचं विचारलं आहे. तू कशी आहेस हे एकदाही विचारलेलं नाही.

मला वाटत होतं मी नातीचं बघते आहे. तसं नव्हतं. इथे खुर्चीत बसून मी तुझ्या हातांनी त्याचं डोकं धुऊन घेत होते. आणि ते हात कोणाचे, त्यांना काय होत असेल, हे माझ्या मनात आलं नाही.

केस काप. माझ्यासाठी ठेवू नकोस. ते त्याचे नाहीत, तिचे आहेत, आणि तिचं डोकं सांभाळणारी तू आहेस. सुखाने काप. नंतर मला कळवायलाच हवं असंही नाही.

तू कशी आहेस?

आई


२३ जुलै

आई,

तुमचं पत्र मी दुकानात काउंटरखाली बसून वाचलं. वर एक आजोबा चष्म्यासाठी थांबले होते, त्यांना बराच वेळ उभं राहावं लागलं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी बरी असते. दिवसभर खरंच बरी असते. पण ओले केस हाताला लागले की नाही. शेवटच्या महिन्यांत तो उठू शकत नव्हता, केसही वाढले होते, तेव्हा मी त्याचं डोकं पलंगावरच धुवायचे, मानेखाली रबरी कापड आणि खाली घमेलं ठेवून. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तेव्हा बाहेर जाऊन उभ्या राहायचात. तो म्हणायचा, तुझा हात हलका आहे. तेच केस, तसेच ओले, तसेच बोटांत अडकणारे. भिंगरी बडबडत असायची आणि मला तिचं ऐकू यायचं नाही, त्याचंच ऐकू यायचं. आईसमोर मूल बसलंय आणि आई तिथे नाही, असं किती दिवस चालवायचं? तुम्हाला हे लिहायचं धाडस झालं नाही. वाटलं, एवढीच एक गोष्ट तुम्ही माझ्याकडे मागितली आणि तीही मला जमली नाही. म्हणून इकडच्या आईंचं नाव घेतलं. त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, माझं नाव घेतलंस ते घेतलंस, निदान पावाचं नाव तरी खराब करायचं नव्हतं.

रविवारी केस कापले. भिंगरीला विचारलं होतं, ती उड्या मारत तयार झाली. न्हाव्याने लांबच्या लांब बटा कापल्या, खाली ढीग पडला, मी तिकडे पाहिलं नाही. मला वाटलं, चला, सुटले.

आई, ते केस वर उसळले. लांब होते तेव्हा वजनाने खाली ओढले जात होते, वजन गेल्याबरोबर एकेक वेटोळं घट्ट होऊन डोक्याला बिलगलं. न्हावी म्हणाला, कुरळ्यांचं असंच होतं, माहीत नव्हतं का? माझे केस सरळ, मला कुठून माहीत असणार? आणि मानेवर, उजव्या कानाच्या मागे, एक भोवरा निघाला. इतके दिवस केसांखाली होता. त्यालाही तिथेच होता. खुर्ची फिरवून न्हाव्याने तिला माझ्याकडे वळवलं. लांब केसांची ती मुलगी होती. आता तोच आहे. हुबेहूब तोच, माझ्याकडे बघून हसतोय, पुढचा एक दात पडलेला.

मी रडले, भर दुकानात. न्हाव्याला वाटलं जास्त कापले गेले, तो बिचारा माफी मागायला लागला. भिंगरी म्हणाली, आई, पुन्हा वाढतील ना, एवढं काय?

पण घरी आल्यावर तिचं डोकं मी धुतलं. मीच. डोळे मिटून काही उपयोगच राहिला नव्हता. तिने मला शाळेतलं सांगितलं, आणि मला ते ऐकू आलं. सगळं नाही. बरंचसं.

मी त्याला मोठा झालेलाच पाहिला. लहानपणी तो असा दिसायचा का, ते सांगणारं तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. तुमच्याकडच्या त्याच्या लहानपणच्या एकुलत्या फोटोत तर त्याने डोकं हलवलंय, चेहरा पुसटच आलाय. तुम्ही या. इकडच्या आईंनीही सांगितलंय, ताईंना लिही. तुम्ही ताई कधी झालात ते मला माहीत नाही. या आणि बघून सांगा.

तुमची सून


१ ऑगस्ट

मुली,

येते. शनिवारची दुपारची गाडी आहे, रविवारी सकाळी तुमच्याकडे असेन. ग्रंथपालांकडे रजा मागितली, तर ते म्हणाले, बाई, तुम्ही कधी रजा मागता याचीच वाट बघत होतो. उतरवून घ्यायला कोणी येऊ नका, बेकरीचा पत्ता विचारत येईन, वासाने तरी सापडेलच.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर द्यायचं होतं, पण बसले की उठायचे. तू विचारलंस, लहानपणी तो असा दिसायचा का. हे विचारणारी तू एकटीच आणि सांगणारी मी एकटीच, हे खरं आहे. म्हणून तुला खरंच सांगायला हवं.

मला आठवत नाही.

त्याचा लहानपणचा चेहरा मी रोज काढायला बघते. शेवटचा आजारी चेहरा येतो, तुमच्या लग्नातला येतो, आणि त्याच्या मागे जायला लागलं की पुसट होत जातं. दात पडला होता हे आठवतं, दात कुठला ते नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या बाईला आपल्या मुलाचा चेहरा आठवत नाही तिला लोक काय म्हणतील, याचं भय वाटायचं. आता तू तुझं सांगितलंस, मी माझं सांगितलं.

मानेवरचा तो भोवरा मात्र माझ्या हाताला पाठ आहे. तो पाटावर बसलेला आणि मी त्याच्या पाठीमागे, त्यामुळे चेहरा समोर नसायचाच. गर लावताना बोट तिथे गेलं की केस उलटे फिरायचे आणि तो मान आखडायचा, गुदगुल्या व्हायच्या त्याला. तेवढं माझ्या बोटांत आहे. डोळ्यांनी बघून मला काही सांगता येणार नाही, तेव्हा बघून सांगा म्हणू नकोस. मला तिच्या पाठीमागे उभं राहू दे.

सासूबाईंना सांग, या रविवारी त्यांनी सुट्टी घ्यावी, नाहीतर माझ्या शेजारी उभं राहावं. तू समोर बस, भिंगरी ज्याच्याकडे बघून बोलेल असं कोणीतरी समोर हवं. तिचे केस ओले करून ठेवू नका. माझ्या हाताला ओळख पटली तर तुला सांगेन. नाही पटली तरी पोरीचं डोकं धुऊन होईल.

आई